खालचं ताट

आमच्या लॅबमध्ये निरोगी माणसाच्या रक्ताला कंट्रोल म्हणत. नवी चिप तयार झाली की आधी कंट्रोल लावून बघायचं आणि त्यासाठी कुणीतरी बोट पुढे करायचं. चहा सांगायला कोण जाणार, तसं आज कंट्रोल कोण देणार. मी सहसा मागच्या टेबलापाशी असायचे. नाही म्हणायला बोलावं लागतं, हो म्हणायला नुसतं बोट पुढे केलं तरी चालतं. म्हणून त्या सकाळी मी बोट पुढे केलं.

चिप म्हणजे पोस्टाच्या तिकिटाएवढा पारदर्शक सिलिकॉनचा तुकडा, काचेवर चिकटवलेला. त्याच्या आत केसाइतक्या बारीक नळ्या. साच्यावर सिलिकॉन ओतायचं, त्यातली हवा काढायची, ओव्हनमध्ये भाजायचं, सोलून घ्यायचं. एखादा बुडबुडा राहून गेला की रक्ताचा थेंब तिथेच अडतो आणि चिप वाया जाते. अमरावतीच्या उन्हाळ्यात खिडकी उघडली की धूळ येते, बंद ठेवली की आपणच भाजून निघतो. आम्ही बंद ठेवायचो. सगळं नीट जमलं तर बाकी काही करावं लागत नाही. थेंब आपणहून नळीत ओढला जातो. लाल पेशी वाटेत मागे राहतात, फिकट पाणी पुढे जातं आणि शेवटच्या चौकोनी खिडकीत रेघ उमटते. एक रेघ म्हणजे चिप चालली. दोन रेघा म्हणजे रक्तात हिपॅटायटिस बीचा विषाणू आहे.

वीज गेलेली असताना, फ्रीज नसताना, मेळघाटातल्या एखाद्या उपकेंद्रात नर्सबाईंना हे करता आलं पाहिजे, असं आमचे सर सारखे सांगायचे. मला हे काम आवडत होतं. त्यात कुणाशी फार बोलावं लागत नसे.

माझ्या चिपवर दोन रेघा आल्या.

"काय केलंस तू?" सिनिअर ताईनं विचारलं. ती पीएचडीच्या शेवटच्या वर्षाला होती आणि लॅबच्या किल्ल्या तिच्याकडे असायच्या.

"थेंब टाकला."

"पॉझिटिव्हच्या टेबलावर ठेवली होतीस का ही चिप?"

"नाही."

तिनं दुसरी चिप काढली. पुन्हा दोन. मग वेगळ्या दिवशी बनवलेली. पुन्हा दोन. मग तिनं स्वतःचं बोट टोचलं, एकच रेघ आली. ती वैतागली. कंट्रोल खराब निघालं तर आठवड्याचं काम पुन्हा करावं लागतं. सगळे माझ्या चिपभोवती वाकून उभे होते आणि मी त्यांच्या पाठीमागे बोटाला कापूस लावून उभी होते. माझ्याकडे कुणी बघत नव्हतं, याचं मला तेव्हा बरंच वाटलं.

सर आले. त्यांनी चिप खिडकीच्या उजेडात धरली.

"हिपॅटायटिसची लस घेतली होतीस ना लॅबमध्ये येताना?"

"हो सर. सगळी इंजेक्शनं घेतली."

"इंटरेस्टिंग," ते म्हणाले.

लस घेण्याआधीपासूनच विषाणू अंगात असेल तर लसीचा काही उपयोग होत नाही. हे मला माहीत होतं. परीक्षेत मी ते लिहिलंही होतं.

माझं रक्त नळीत भरून बाहेरच्या पॅथॉलॉजीत पाठवलं गेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी रिपोर्ट आला आणि ताईनं टाळी वाजवली. चिप बरोबर होती. तोवर आम्ही रक्तपेढीतून मिळालेलं जुनं, गोठवलेलं पॉझिटिव्ह रक्तच वापरत होतो. त्यासाठी पत्रं पाठवा, फोन करा, वाट बघा. खऱ्या माणसाच्या ताज्या थेंबात चिपनं विषाणू पकडला, तो असा पहिल्यांदाच. तेही कुणाला शंका नसताना.

"आता रक्तपेढीच्या पाया पडायला नको," ताई हसून म्हणाली. "घरचीच गाय झाली."

सरांनी खूश होऊन सगळ्यांना गिला वडा मागवला. सगळ्यांना स्टीलच्या बशांत दिला, मला कागदी द्रोणात. "बशा कमी पडल्या गं," ताई म्हणाली. कपाटाचं दार उघडंच होतं आणि आत एक बशी उरलेली मला दिसत होती. हा विषाणू बशीतून लागत नाही, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला पाठ होतं. मी द्रोणातला वडा खाल्ला. दही चांगलं गोड होतं.

तेव्हापासून दर आठवड्याला माझं रक्त घ्यायचं ठरलं. माझ्या नळीवर नाव नसे, नुसतं पी-वन, म्हणजे पॉझिटिव्ह एक, लिहिलेलं असे. ताईनं माझ्या चिपचा फोटो काढून लॅबच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. खाली फुगे, फटाके आणि टाळ्या.

मी एकटीच डॉक्टरांकडे गेले. ते शांत गृहस्थ होते, बोलताना कागदावर यकृताचं चित्र काढत होते. लिव्हर आत्ता ठीक आहे, औषध नको, दर सहा महिन्यांनी तपासायचं, म्हणाले. हे जायचं नाही पण सांभाळता येईल. जेवणातून, भांड्यांतून, कपड्यांतून लागत नाही. लग्न करता येईल, होणाऱ्या नवऱ्यानं लस घ्यायची, एवढंच.

"सर, मला कुठून आलं असेल?" मी विचारलं.

"तुमच्या वयात असं शांत बसलेलं सापडतं ते बहुतेक जन्माच्या वेळचं असतं. आईकडून. आईची तपासणी करून घ्या. आईच्या घरात कुणाला लिव्हरचा त्रास होता का?"

मला आईची आई आठवली. अंजनगावला मावशीकडे खाटेवर पडलेली, हातपाय काड्यांसारखे आणि पोट मात्र भरल्या दिवसांच्या बाईसारखं. पोटात पाणी झालं म्हणायचे. मी तेव्हा लहान होते आणि त्या पोटाला हात लावायला मला भीती वाटायची.

शनिवारी मी एसटीनं अकोल्याला घरी गेले. सांगायचं ठरवून गेले होते. मूर्तिजापूर येईपर्यंत मनातल्या मनात वाक्यं जुळवली. ती सगळी इंग्रजीत जुळत होती.

माझ्या आईला माझं काम कधी कळलं नाही आणि आवडलं तर मुळीच नाही. मला कॉन्व्हेंटमध्ये घालायचा हट्ट तिचाच होता, पण त्यातून जी मुलगी बाहेर आली ती तिला परकी वाटायची. मी शाळेतली मराठी बोलते, ती वऱ्हाडी. "काय पुन्याहून आली का वं तू?" हे मी रोज ऐकत मोठी झाले. चिप बनवते म्हटल्यावर ती शेजारणींना सांगायची, "एवढं शिकवलं अन् पोट्टी कॉलेजात चिप्स करून राह्यली. म्या म्हनलं, आपल्या छतावर वाळू घाल, ऊन बी चांगलं हाये."

त्या दिवशी शेजारच्या काकू बसल्या होत्या. एका स्थळाकडून मुलाचा फोटो माझ्या फोनवर आला होता, तो आईला काकूंना दाखवायचा होता. तिनं माझ्या हातातून फोन घेतला. मुलगा दाखवून झाला, त्याचे आईवडील दाखवून झाले आणि तिचं बोट एक फोटो पुढे सरकलं.

"हे काय वं, बाप्पा?" काकू म्हणाल्या.

पांढरी खिडकी. दोन लाल रेघा. आजकाल टीव्हीवर बघून सगळ्यांना दोन रेघा कळतात. काकूंनी चहा अर्धा ठेवला. "येते मी, नळ येईल आता," म्हणाल्या. आमच्याकडे नळ आठवड्यातून एकदा येतो आणि तो कालच येऊन गेला होता.

आई मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. दार लोटलं.

"कोनाचं हाये?"

"माझंच," मी म्हणाले. रिपोर्ट कुणाचा आहे असं ती विचारते आहे, असं मला वाटलं.

"कवा कळलं?"

"मंगळवारी. कॉलेजात."

"कॉलेजात सगळ्यायले माहीत हाये?"

"हो. त्यांनीच बघितलं."

ती पाटावर बसली. पदराचं टोक तोंडात धरलं आणि सोडलं. "तो कोन हाये?"

"कोण तो?"

तेव्हा तिनं मला मारलं. बसल्या जागेवरून, दंडावर, हातात फोन तसाच होता. मी मोठी झाल्यावर ती पहिलीच वेळ. फोनची कडा लागली तेव्हा मला एकदम कळलं की आम्ही दोघी वेगवेगळ्या दोन रेघांबद्दल बोलत होतो.

"आई, ते नाही. ते नाही गं. कावीळ आहे. काविळीचा विषाणू."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग हसली. खरंच हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "मेले, आधी सांगाचं ना मंग. जीव गेला ना माहा." उठली, गॅस पेटवला, चहाचं आधण ठेवलं, आलं ठेचलं. माझ्या दंडावरून एकदा हातही फिरवला. इतकी मऊ झालेली आई मी फार कमी वेळा बघितली आहे. ते चहा उकळेपर्यंत टिकलं.

"पन काविळीत तं डोये पिवळे होतात," ती चहा गाळताना म्हणाली.

"ही तशी नाही. ही आत राहते."

"किती दिवस?"

"कायम."

तिचा हात थांबला. "कशानं होते?"

मी सांगायला लागले. दुसऱ्याचं रक्त अंगात गेलं तर. वापरलेली सुई टोचली तर. जन्माच्या वेळी आईकडून. आणि. पुढचा शब्द मला मराठीत माहीत होता, पण तो आईसमोर उच्चारता येईल असा माहीत नव्हता. इंग्रजीत तो साधा होता, पुस्तकातला होता, मी वर्गात दहा वेळा म्हटला होता. मी तिथे थांबले. त्या थांबण्यातलं सगळं आईला ऐकू गेलं.

"कुठून आनलंस?" तिनं विचारलं.

"डॉक्टर म्हणाले, बहुतेक जन्मापासून असेल. त्यांनी तुझी तपासणी करायला सांगितलीय."

"आता माह्यावर ढकल."

"मी नाही, डॉक्टर..."

"मले काय झालं? इतकं वय झालं, कवा दवाखान्याची पायरी चढली का मी? अमरावतीले खोली करून तू राहतेस का मी राहतो? कुठून आनलंस थे सांग."

"आजीचं पोट आठवतं ना तुला? तेही लिव्हरचंच..."

"माह्या मायचं नाव काढू नको. तिले पानी झालं होतं. कावीळ नोती तिले."

चहा तिनं मला दिला. पण नेहमीच्या कपात नाही; फुलझाडाला पाणी घालायच्या जुन्या स्टीलच्या ग्लासात. दुसऱ्या दिवशी सकाळी माझं ताट, वाटी, ग्लास आणि चमचा मांडणीवर नव्हते. मोरीच्या खिडकीत ठेवलेले होते, जिथे फरशी पुसायचा कपडा वाळत असे.

बाबांचं कोर्टासमोर झेरॉक्सचं दुकान आहे. दिवसभर दुसऱ्यांचे कागद उलटसुलट करून त्यांना कशाचंच काही वाटेनासं झालं आहे. ते टीव्हीकडे बघत जेवले. मी मोरीच्या उंबऱ्याशी बसून जेवले. "तिथं ऊन लागते तिले," ते एकदा म्हणाले. "मंग तुमी बसा तिच्याजवळ," आई म्हणाली. त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

स्थळाचं काय, हे मीच विचारलं. मुलाला सांगितलं आणि त्यानं लसीची तीन इंजेक्शनं घेतली तर काही अडचण नाही, असं समजावून बघितलं.

"म्हनजे याद्यांत लेहू?" आई म्हणाली. "नवरदेवाले एक अंगठी, एक सफारी अन् तीन सुया."

बाबांना हसू आलं. मलाही आलं असतं.

तसं लिहायची वेळ आलीच नाही. मुलाकडचा फोन पुन्हा आला नाही. काकूंनी काय सांगितलं, कुणाला सांगितलं, ते आम्हाला कळलं नाही. आईनं त्यांना जाऊन सांगायला हवं होतं की ते पोट नव्हतं. पण मग काय होतं हेही सांगावं लागलं असतं. ती दोनदा चपला घालून दारापर्यंत गेली आणि परत आली. शेवटी माझ्यासमोर चपला काढत म्हणाली, "पोट असतं तं एखाद्याले पकडून लग्न तरी लावून देलं असतं."

पुढच्या शनिवारी ती मला बाळापूर रस्त्यावरच्या एका गावात घेऊन गेली. तिथे एक माणूस कावीळ उतरवतो. शेवग्याच्या झाडाखाली परात, चुन्याचं पाणी आणि रांग. त्यानं माझे हात परातीवर धरले आणि कोपरापासून खाली चोळत आणले. पाणी पिवळं झालं, अगदी हळदीसारखं. "निंघाली," तो म्हणाला. मी रांगेतल्या पुढच्या माणसाकडे बघत होते, त्याचंही पिवळं झालं. त्याच्या पुढच्या बाईचंही. प्रत्येक वेळी तो आधी स्वतःचे तळवे मांडीखालच्या ओल्या फडक्यावर पुसत होता आणि ते फडकं कसल्यातरी रसानं तपकिरी झालं होतं. मी आईला ते दाखवलं.

"तुले सगळ्यायचं खोटंच दिसते," ती म्हणाली. परातीतलं पिवळं पाणी नालीत ओतलं जाताना तिनं त्याला हात जोडले. "आता घेऊन ये तुह्या चिपा. एकच रेघ येते का नाही पाह्य."

म्हणून मी चिपा घरी आणल्या. ताईला विचारलं तेव्हा ती लगेच हो म्हणाली. घरी, लाइट नसताना, गरमीत चिप कशी चालते याचा डेटा तिला हवाच होता. डब्यात कापूस घालून, त्यात एकेक चिप पाकिटात. शेजारी बसलेल्या बाईनं एसटीत विचारलं, "सोन्याचं हाये का काही?" मी मान हलवली. तिचा अर्थ काहीही घेता आला असता.

रविवारची दुपार होती. दुकान बंद, बाबा घरी, कूलर घरघरत होता. मी जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं. आधी माझं बोट. थेंब नळीत गेला, लाल रंग मागे राहिला, फिकट पाणी पुढे सरकलं. आई गुडघ्यांवर हात ठेवून बघत होती. पहिली रेघ आली. मग दुसरी.

"खोटी हाये ही," ती म्हणाली.

"रिपोर्टही तसाच आहे, आई."

"खोटी हाये. थांब, माह्यं घे." तिनं बोट पुढे केलं. "मले काहीच नाही. माह्याबी दोन आल्या तं खोटीच म्हनाची. घे."

मी हातमोजे घातले.

"मायले हात लावाले हातमोजे?"

"सगळ्यांना घालते."

"वा रे कॉन्व्हेंट."

इतक्या वेळा मोरीपाशी जेवल्यावर मला ती दुसरी रेघ यायलाच हवी होती. हे मी लपवत नाही. मी तिचं बोट टोचलं. तिचे हात भांडी घासून खरखरीत झालेले, सुई दुसऱ्यांदा टोचावी लागली. ती हललीही नाही. थेंब चिपच्या तोंडाशी लावला आणि तो आत गेला, तसाच, माझ्यासारखाच, न अडता. पहिली रेघ. मी आईकडे बघत होते, खिडकीकडे नाही. दुसरी रेघ मी तिच्या चेहऱ्यावर बघितली.

"झालं," ती म्हणाली. आवाज मोठा होता. "म्हनलं होतं ना. खोटी. आता यांचं घे. यांच्याबी दोनच येतील पाह्य. या बरं इकडं, तुमचं बोट द्या."

"माह्यं कशाले?" बाबा म्हणाले.

"द्या म्हनतो ना."

बाबांनी बोट दिलं आणि तोंड दुसरीकडे फिरवलं. थेंब गेला. पहिली रेघ आली. आई पुढे वाकली, चष्मा नाकावर दाबून धरला. आम्ही थांबलो. लॅबमध्ये जितका वेळ थांबायला सांगतात त्याहून जास्त थांबलो. खिडकी पांढरीच राहिली.

बाबांनी बोट चोखलं. तिन्ही चिपांकडे बघितलं, एक, दोन, तीन. मग म्हणाले, "म्हनजे चालते ही चिप."

कूलरमधलं पाणी संपत आलं होतं, नुसती गरम हवा येत होती. कुणी उठलं नाही. आता आई रडेल असं मला वाटलं. मी डॉक्टरांची वाक्यं पुन्हा जुळवत होते, या वेळी मराठीत: काही होत नाही गं, लिव्हर तपासू, तुलाही तुझ्या आईकडून आलं असेल, यात कुणाची चूक नसते. पहिलं वाक्य मी तोंडातून काढणारच होते.

"पाह्यलं?" आई बाबांना म्हणाली. "लागलं ना मले हिच्यापासून."

मला आधी कळलंच नाही.

"मी म्हनतच होती. ताट येगळं कराले उशीर झाला."

"आई, असं नसतं. डॉक्टर म्हणाले, तुझ्याकडून मला..."

"आधी कोनाले निंघालं? तुले का मले?"

"आधी मला कळलं. पण म्हणून..."

"मंग?"

उत्तर होतं, डॉक्टरांचं होतं, पुस्तकातलं होतं. पण त्या चिपेत नव्हतं. आम्ही तिच्यात इतक्या बारीक नळ्या कोरल्या, रक्तातून पाणी वेगळं केलं, आणि ती फक्त आहे किंवा नाही एवढंच सांगते. कधीपासून आहे, कुणाचं कुणाला गेलं, हे तिला विचारता येत नाही. आईच्या आणि माझ्या चिपा शेजारी शेजारी पडल्या होत्या आणि त्यांतली कुठली आधीची हे आता मलाही ओळखू येत नव्हतं. तिन्ही उचलून मी डब्यात घातल्या.

संध्याकाळी आईनं अंजनगावला मावशीला फोन लावला. "पोट्टीनं अमरावतीहून आनलं अन् मले बी देलं," तिनं सांगितलं. पलीकडून मावशी काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. आई म्हणाली, "नाही वं, तू नको तपासू काही. तू कुठं हिच्या संगं राहतं."

ताईला मी डेटा पाठवला. तिचं उत्तर लगेच आलं: आईही पॉझिटिव्ह, वा, मग पी-टू मिळेल का? मी लिहिलं, आई तयार नाही. मी तिला विचारलं नव्हतं.

एवढं मात्र झालं की आई डॉक्टरांकडे यायला तयार झाली. अकोल्यातल्या मोठ्या दवाखान्यात गेलो. दवाखान्यात ती वेगळीच होते. पदर नीट, आवाज खाली, आणि जमेल तितकी माझ्या शाळेतली मराठी. डॉक्टर बाई होत्या. आईचं लिव्हर थोडं सुजलेलं निघालं, गोळ्या सुरू करायच्या होत्या, रोज, न चुकता. त्यांनी आईच्या आईबद्दल विचारलं. आईनं सगळं सांगितलं, पोटात पाणी, पायाला सूज, शेवटी रक्ताची उलटी. रक्ताच्या उलटीचं मी पहिल्यांदाच ऐकत होते. डॉक्टरबाईंनी मान हलवली.

"तुम्हाला तुमच्या आईकडून आलं असणार," त्या म्हणाल्या, "आणि हिला तुमच्याकडून. तेव्हा लसी नव्हत्या सगळीकडे. वाईट वाटून घेऊ नका."

"हो मॅडम," आई म्हणाली. "बरोबर आहे तुमचं."

मी तिच्याकडे बघितलं. तिनं चिठ्ठी घडी करून पर्समध्ये ठेवली, नमस्कार केला, माझ्या आधी बाहेर पडली. पायऱ्या उतरताना तिनं माझा हात धरला, गुडघा दुखतो म्हणून. शेवटच्या पायरीवर तो सोडला.

"डॉक्टरले काय माहीत," ती म्हणाली. "थे काय आपल्या घरी जेवाले येते?"

घरी आल्यावर तिनं भात आणि वरण केलं. बाबांना टीव्हीसमोर वाढलं. मग मांडणीवरून स्वतःचं ताट काढलं, वाटी काढली, ग्लास काढला. मांडणीत बाबांचं ताट एकटं राहिलं. आम्ही दोघी मोरीच्या उंबऱ्याशी बसलो. ती माझ्या शेजारी बसून जेवली असं कितीतरी वर्षांनी झालं असेल. एरवी ती सगळ्यांचं झाल्यावर ओट्याशी उभ्यानं जेवायची. तिनं मला न विचारता लिंबाची फोड वाढली.

जेवण झाल्यावर मी दोन्ही ताटं घासली. मोरीच्या खिडकीत भांड्यांसाठी दोन फळ्या आहेत. मी माझं ताट नेहमीसारखं वरच्या फळीवर उभं केलं आणि तिचं खाली ठेवायला वाकले.

"तसं नको," ती मागून म्हणाली. "तुह्यं खाली ठेव. माह्यं वर राहू दे. तुह्यं पानी माह्या ताटावर गळाले नको."

मी ताटं बदलली. हात पुसून ती आत गेली, पहिली गोळी कधी घ्यायची ते चिठ्ठीवरून बाबांकडून वाचून घ्यायला. मी तिथेच उभी राहिले. वरच्या ताटाच्या काठावर पाणी जमत होतं, लांबत होतं आणि एकेक थेंब खाली माझ्या ताटावर पडत होता.